लाटसाहेबांचे वारस

‘मोठा लाटसाहेब लागून गेलास की नाही!’ हे वाक्य आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. ‘लाट’ हे ‘लॉर्ड’ या इंग्रजी शब्दाचे आपल्याकडील रूप. गव्हर्नर जनरल तो बडा लाट, प्रांताचा गव्हर्नर तो छोटा लाट, अशी समजूत जुन्या पिढीत रूढ होती आणि माझीही तीच होती. मी मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालो व इतिहास शिकवू लागलो. कित्येक वर्षे मुलांना मी ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ असेच सांगत आलो. पुढे एका इन्स्पेक्टर साहेबांनी भर वर्गात मला थांबवून म्हटले, “गुरुजी, हे एल्फिन्स्टन लॉर्ड नव्हते.” मुले हसली. मी त्या रात्री जे पुस्तक उघडले, त्याचा नाद आजतागायत सुटलेला नाही. आजचे भाषण हे त्या जुन्या चुकीचे परिमार्जन समजावे.

परंतु या विषयात माझे मन गुंतण्यास आणखी एक कारण आहे. मी दत्तक मुलगा आहे. विलायतेतील किताब कोणाकडे जातो हे वाचताना माझी नजर प्रथम एकाच गोष्टीकडे गेली: दत्तकाला तो मिळतो काय? त्याचे उत्तर यथाक्रम सांगेन.

प्रथम घोटाळा दूर करू. लॉर्ड हा हुद्दा नव्हे. ती सरदारकी आहे. हुद्दा नेमणुकीने येतो व मुदत संपताच जातो. सरदारकी एकदा मिळाली की माणूस मरेपर्यंत त्याची असते, आणि सनदेत तशी तरतूद असेल तर त्याच्या मागून वारसाकडे जाते. इंग्लंडातील उमरावांच्या पाच पायऱ्या आहेत: सर्वांत वर ड्यूक, मग मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, आणि तळाशी बॅरन. याखाली बॅरोनेट येतो. त्याचा किताब वंशपरंपरेचा असला तरी तो उमराव गणला जात नाही व नावामागे केवळ ‘सर’ लावतो. नाईटही ‘सर’च, पण तो किताब त्याच्याबरोबरच संपतो. आपल्याकडील रावबहादूर व रावसाहेब यांची जात नाईटाची होती. मुलगा रावबहादुराचा असला म्हणून रावबहादूर होत नसे.

उमराव निर्माण करण्याचा अधिकार राजाचा आहे; व्यवहारात राजा मुख्य प्रधानाच्या सल्ल्याने तो चालवितो. यासाठी एक सनद निघते व तिला राज्याची थोर मुद्रा लागते. नवा उमराव किताबासाठी आपले आडनाव किंवा एखाद्या स्थळाचे नाव निवडतो. १८०३ साली लासवारीच्या रणात शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मोड करणारा जनरल लेक १८०४ मध्ये बॅरन झाला, तेव्हा त्याने ‘दिल्ली व लासवारी’ ही नावे आपल्या किताबास जोडून घेतली. आपल्या पराभवाचे गाव असे दुसऱ्याच्या नावाचे अलंकार होऊन बसले. असो. सनदेचा खरा प्राण मात्र या नावांत नसून त्यापुढील एका ओळीत असतो. किताब मूळ पुरुषास आणि ‘त्याच्या देहापासून विवाहसंबंधाने झालेल्या पुरुष वारसांस’ दिला आहे, अशा अर्थाची ती ओळ असते. प्रत्येक शब्दाला वजन आहे. ‘देहापासून’ म्हटल्याने दत्तक बाहेर पडला. ‘विवाहसंबंधाने’ म्हटल्याने दासीपुत्र बाहेर पडला. ‘पुरुष’ म्हटल्याने कन्या व कन्येचे पुत्र बाहेर पडले. उरलेल्यांत थोरला तो एकटाच धनी. धाकट्यांना किताबाचा कणही मिळत नाही.

आपल्या रिवाजाशी हे ताडून पाहण्याजोगे आहे. आमच्या खानदेशात पाटिलकीचे वतन भावाभावांत तक्षिमांनी वाटले जाई. चार भाऊ असले तर चार तक्षिमा पडत, काम पाळीपाळीने चाले, आणि वडीलपणाचा मान तेवढा थोरल्या शाखेकडे राही. जुन्या मोडी सनदांत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ असे शब्द येतात. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळात मी अशा काही कागदांच्या नकला डोळ्यांखालून घातल्या आहेत. त्या ‘पुत्र’ शब्दात आपल्या शास्त्राने औरसाबरोबर दत्तकही धरला आहे. इंग्रजी ओळीतील ‘देहापासून’ हा शब्द आपल्या सनदेत नाही. एवढ्याशा भेदातून पुढे केवढा अनर्थ ओढवला हे सांगण्यापूर्वी एल्फिन्स्टनांचा हिशेब पुरा करतो.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटलंडातील अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. चौथा, म्हणून किताबाला पारखा. त्याने पेशवाईचा मुलूख ताब्यात घेतला, १८१९ ते १८२७ पर्यंत तो मुंबईचा गव्हर्नर होता, परंतु उमरावाचा धाकटा मुलगा म्हणून ‘ऑनरेबल’ एवढेच उपपद त्याच्या वाट्यास होते. लॉर्ड झाला तो त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. हा पुतण्या १८५३ ते १८६० पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईतील एल्फिन्स्टन कॉलेज काकाच्या नावाचे आहे, आणि ज्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनास २०१८ साली प्रभादेवी हे नाव मिळाले ते पुतण्याच्या नावाचे होते.

या पुतण्याच्या मरणाने वारसाचा नियम जितका स्पष्ट होतो, तितका दहा कायदेपुस्तकांनी होणार नाही. त्याच्याकडे दोन किताब होते. एक स्कॉटलंडचा, १५१० च्या सुमाराचा, पूर्वजांकडून आलेला. दुसरा त्याला स्वतःला १८५९ साली मिळालेला, इंग्लंडातील उमरावांच्या सभेत कायमचे आसन देणारा. १८६० साली तो अविवाहित वारला. जुना किताब चुलतभावाकडे गेला. नवा त्याच क्षणी नाहीसा झाला. चुलतभाऊ एकच, मग हा भेद का? वारस मोजावयाचा तो मरणाऱ्या माणसापासून नव्हे, सनदेतील मूळ पुरुषापासून. तो चुलतभाऊ सोळाव्या शतकातील पहिल्या लॉर्डाचा वंशज होता, म्हणून त्या झाडाची ती फांदी ठरली. १८५९ च्या किताबाचा मूळ पुरुष स्वतः जॉनच. त्याला मूल नाही, म्हणजे त्या झाडाला फांदीच फुटली नाही. जुनी सरदारकी चिवट असते व नवी नाजूक असते, याचे कारण एवढेच आहे.

नव्या सरदारकीचा नाजूकपणा आपल्या घराजवळच्या एका उदाहरणात दिसतो. धुळ्याहून जळगावास जाताना वाटेत पारोळे लागते, त्यापुढे एरंडोल. एरंडोलहून उत्तरेस थोडके गेले की धरणगाव. पारोळ्याकडे मी शेवटी येणार आहे. धरणगावास १८२५ साली जेम्स आउट्रम नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट आला. होळकरशाहीतील धामधूम, दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचा धुमाकूळ यांनी खानदेश उजाड झाला होता, आणि सातपुड्यातील व सातमाळ्यातील भिल्ल सरकारशी झुंजत होते. बंदुकीने प्रश्न सुटत नाही असे पाहून गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या सरकारने भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरविले व ते काम या तरुणाकडे दिले. तो भिल्लांबरोबर शिकारीस गेला, त्यांच्यात उठला-बसला, आणि त्यांतूनच खानदेश भिल्ल पलटण उभी राहिली. तिचे ठाणे धरणगाव. दहा वर्षे हे काम करून १८३५ साली तो गुजरातेत गेला. पुढे सिंध, इराण, आणि १८५७ मध्ये लखनौ. लखनौच्या वेढ्याकडे जाताना वरिष्ठपणाने सेनापतिपद त्याचे असूनही त्याने ते हॅवलॉककडे राहू दिले, यासाठी इंग्रज लोक त्याचे फार गुण गातात. आपल्या लोकांविरुद्धची ती लढाई होती, म्हणून ते गुणगान आपल्याला गोड लागत नाही, परंतु माणूस उमदा होता हे नाकारण्यात अर्थ नाही.

१८५८ साली त्याला बॅरोनेट केले आणि सालीना एक हजार पौंडांची नेमणूक दिली. बॅरोनेटपणाची मूळ कथा मात्र मोठी व्यापारी आहे. पहिल्या जेम्स राजाला आयर्लंडातील अल्स्टर प्रांतात सैन्य ठेवण्यास पैसा हवा होता. म्हणून १६११ साली त्याने हा नवा किताब काढला, आणि तीस शिपायांचा तीन वर्षांचा खर्च, म्हणजे १०९५ पौंड, भरील त्याला तो द्यावयाचे ठरविले. आउट्रमने निदान पैसे मोजले नव्हते. त्याला एकुलता एक मुलगा, फ्रान्सिस, १८३६ साली जन्मलेला. सबंध किताब त्या एका जीवावर टांगलेला होता. १८६३ साली आउट्रम वारला, वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले, आणि फ्रान्सिस दुसरा बॅरोनेट झाला. १९१२ साली तो वारल्यावर त्याचा मुलगा तिसरा. हा तिसरा पाद्री होता आणि कॅनडातील पर्वतशिखरे चढण्यात नामांकित होता. १९०१ साली असिनिबोइन नावाच्या शिखरावर पोहोचणाऱ्या पहिल्या मंडळींत तो होता. आजोबांनी सातपुडा पालथा घातला, नातवाने रॉकी पर्वत.

मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंना १८५७ साली हाच किताब मिळाला, तेव्हा इंग्रजी कायद्यापुढे एक मजेदार अडचण उभी राहिली. किताब नावाशी बांधलेला, आणि पारशांत त्या काळी मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागे. जमशेटजी १८५९ साली वारले. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव खरशेटजी. मग ‘सर जमशेटजी जीजीभाई’ हे घराणे दुसऱ्याच पिढीत ओळखू येणार कसे? यासाठी १८६० साली हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने खास कायदा केला. त्याअन्वये जो जो बॅरोनेट होईल त्याने आपले जन्मनाव टाकून जमशेटजी जीजीभाई हेच नाव धारण करावयाचे ठरले. खरशेटजी अठ्ठेचाळीस वर्षांचे होऊन मग जमशेटजी झाले. १९१३ साली अहमदाबादचे चिनुभाई माधवलाल हे पहिले हिंदू बॅरोनेट झाले, त्यांच्या घराण्यालाही असाच नामकरणाचा कायदा लागला. वारसाचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे दत्तविधानात आहे. माझेही नाव दत्तक जाताना बदलले. हा विधी विलायती किताबासाठी मुंबईच्या पारशी घरात व्हावा याचे मला प्रथम वाचले तेव्हा हसू आले होते.

उमरावपद मिळून ते वंशात चालले असा हिंदी गृहस्थ मात्र एकच: बंगालचे सत्येंद्रप्रसन्न सिन्हा. १९१९ साली ते रायपूरचे बॅरन सिन्हा झाले. हे रायपूर बंगालच्या वीरभूम जिल्ह्यातील. १९२८ साली ते निवर्तले, आणि त्यांचे चिरंजीव अरुणकुमार यांनी उमरावांच्या सभेत आसन मागितले. किताब बापाच्या मृत्यूबरोबर आपोआप येतो, त्यास राज्यारोहण लागत नाही. पण हक्क बजावावयाचा तर आपला जन्म व आईबापांचा विवाह पुराव्याने सिद्ध करावा लागतो. येथे पेच पडला. हिंदू धर्मशास्त्राने त्या काळी पुरुषास दुसरी बायको करता येत होती. मग अशा विवाहास इंग्रजी कायदा ‘विवाह’ म्हणेल काय? सत्येंद्रप्रसन्न व त्यांच्या पत्नी लग्नानंतर साधारण ब्राह्मो समाजात गेले होते आणि त्या समाजात एकपत्नीत्वाचा नियम आहे. थोरल्या मुलाचा जन्म त्यानंतरचा. या आधारावर १९३९ साली दावा मान्य झाला. बापाच्या निधनापासून अकरा वर्षे मुलाच्या आईबापांच्या लग्नाची चौकशी चालावी, हे वाचून त्या घरातील माणसांना काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनात येतो.

राजाची मर्जी असली तर सनदेतील ती ओळ बदलताही येते. लॉर्ड माउंटबॅटन यांना दोन मुलीच होत्या. १९४६ साली व्हायकाउंट व १९४७ साली अर्ल असे किताब देताना सनदेत मुलींची सोय केली गेली, आणि १९७९ साली त्यांची हत्या झाल्यावर थोरली कन्या पॅट्रिशिया स्वतःच्या हक्काने काउंटेस झाली. सनद लिहिताना शब्द हवे तसे घालता येतात हे यावरून उघड दिसते. १९५८ पासून केवळ हयातीपुरते उमराव मोठ्या संख्येने करण्याची रीत पडली. १९६३ च्या कायद्याने वारसास किताब सोडून देण्याची मुभा मिळाली. १९९९ साली ब्याण्णव जणांचा अपवाद ठेवून वंशपरंपरेच्या उमरावांचा सभेत बसण्याचा हक्क काढून घेतला गेला. आपल्याकडे १९५० च्या राज्यघटनेने अठराव्या कलमात किताबच बंद केले. आणि दत्तकाचे? २००४ साली राजाज्ञेने उमरावांच्या दत्तक मुलांना धाकट्या मुलांप्रमाणे ‘ऑनरेबल’ वगैरे उपपदे लावण्याची परवानगी मिळाली. किताबाचा वारसा त्यांना मिळाला नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात. एरंडोल तालुक्यातील एका लहान गावी माझे चुलते पाटील होते. त्यांना मूलबाळ नव्हते. मी पाच वर्षांचा असताना त्यांनी मला दत्तक घेतले. मी त्यांना आप्पा म्हणू लागलो. पाटिलकीचे वतन तोवर कायद्याने गेले होते, १९६३ च्या आरंभापासून ते रद्द झाले. परंतु पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिली बैलजोडी पाटलाची निघावयाची, हा मान गावाने ठेवला होता. एका वर्षी भाऊबंदांतील दुसऱ्या तक्षिमेच्या एका गृहस्थांनी वेशीपाशी आमची बैलजोडी अडविली. त्यांचे म्हणणे असे की, पाटलाच्या पोटी पुत्र नाही, दत्तकाच्या हातचे बैल पुढे जाणार नाहीत; रक्ताने जवळचा आमचा थोरला, त्याची जोडी पुढे जाईल. मी अकरा वर्षांचा होतो. बैलांची शिंगे हिंगुळाने रंगविलेली, वाजंत्री थांबलेली, सारे गाव माझ्याकडे पाहते आहे, हे चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. आप्पांनी माझ्या हातातील कासरा सोडविला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते एवढेच म्हणाले, “हाऊ मना आंडोर शे.” हा माझा मुलगा आहे. अहिराणीतील हे चार शब्द. मग गावच्या दोन वृद्धांनी निवाडा दिला की दत्तविधान होम करून, जातभाई बसवून झाले आहे. जोडी जाऊ द्या. जोडी गेली. त्या गृहस्थांनी पुढे कित्येक वर्षे आमच्या घरचे पाणी घेतले नाही.

मान तो केवढा, तर वेशीतून पुढे जाण्याचा. पण असाच प्रश्न १८५३ साली एका राज्याचा झाला, आणि तेथे निवाडा देणारे गावचे वृद्ध नव्हते.

पारोळ्याच्या किल्ल्याजवळून आपण पुष्कळदा गेला असाल. पारोळे ही नेवाळकर घराण्याची जहागीर. त्याच घराण्याची एक शाखा झांशीस राज्य करीत होती. झांशीचे राजे गंगाधरराव व राणी लक्ष्मीबाई यांचा तान्हा मुलगा दामोदरराव दगावला होता. २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्युशय्येवर असताना, राजांनी इंग्रज अधिकाऱ्याच्या समक्ष आपल्याच नेवाळकर कुळातील आनंदराव नावाच्या लहान मुलास दत्तक घेतले आणि त्याचे नाव गेलेल्या मुलावरून दामोदरराव ठेवले. दुसऱ्याच दिवशी ते वारले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने काय म्हटले? राजांच्या खाजगी मिळकतीपुरता मुलगा हिंदू धर्मशास्त्राने वारस आहे, राज्यापुरता नाही. १८५४ साली झांशी खालसा झाली. साताऱ्यास १८४८ मध्ये हेच घडले होते. नागपुरास औरस वा दत्तक वारस नाही असे ठरवून तेही १८५४ मध्येच घेतले.

डलहौसीच्या बाजूने वकिली करावयाची म्हटले तर असे म्हणता येईल की, ज्या देशात किताबाचा वारस देहापासून मोजतात त्या देशात तो वाढलेला. आमचा ‘पुत्र’ त्याला उमजला नाही. मला हे पटत नाही. खाजगी मिळकतीच्या बाबतीत त्याला तो नीट उमजला होता. ज्या वस्तूचा लोभ नव्हता तेथे शास्त्र मान्य, जेथे लोभ होता तेथे अमान्य. विलायतेत सनदेचा अर्थ करताना एका शब्दाचीही ओढाताण होऊ देत नाहीत; आमच्या तहांतील ‘वारस’ शब्दाचा अर्थ करताना मात्र अर्थ करणारा आणि लाभ घेणारा एकच होता.

आणि आता स्वतः डलहौसीच्या घरचे ऐका. वडिलार्जित किताबाने तो दहावा अर्ल होता. ती अर्लशाही १६३३ सालची. पंजाब घेतल्याबद्दल १८४९ साली त्याला वरची पायरी मिळून तो मार्क्विस झाला. त्याला दोन मुली, मुलगा नाही. १९ डिसेंबर १८६० रोजी तो वारला. अर्लशाही चुलतभावाकडे गेली, कारण तिचा मूळ पुरुष दोन शतकांपूर्वीचा. मार्क्विसपदाचा मूळ पुरुष तोच, म्हणून ते त्याच्याबरोबर संपले. आपल्या भाषेत, खालसा झाले. लासवारीच्या लॉर्ड लेकचा वंश तर १८४८ सालीच, म्हणजे सातारा बुडाला त्याच वर्षी, पुरुषवारसाविना आटोपला होता. डलहौसीनंतर आलेल्या लॉर्ड कॅनिंगने १८६२ साली हिंदी संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदा दिल्या. बंडाने शिकविलेला तो धडा. तो त्याच वर्षी जूनमध्ये निपुत्रिक वारला आणि त्याचेही किताब लुप्त झाले. याला कोणी दैवाचा न्याय म्हणेल. मी म्हणणार नाही. त्या दोघांना किताबाखेरीज काही गमवावे लागले नाही, आणि ते मेल्यावर गमावले.

पारोळ्याचा किल्ला बंडानंतर इंग्रज सरकारने जप्त केला. खंदकाच्या काठाने आता वस्ती झाली आहे; मी गेल्या वर्षी नातवाला घेऊन गेलो तेव्हा बुरुजाखाली मुले खेळत होती. राणी लक्ष्मीबाई झांशीहून निघाल्या तेव्हा आठनऊ वर्षांचे दामोदरराव त्यांच्याबरोबर होते हे आपण जाणताच. १८५८ साली ग्वाल्हेरीस राणी पडल्यावर ते विश्वासू माणसांबरोबर रानोमाळ हिंडले, पुढे इंग्रजांच्या स्वाधीन झाले, आणि लहानशा वेतनावर इंदुरास राहिले. त्यांच्या हयातीत राज्य किंवा किताब यांतले काही त्यांच्याकडे आले नाही. १९०६ साली इंदुरासच ते निवर्तले.